बैतुल मालचा हिशेब क्लाउडवर नेताना: वर्धा जिल्ह्यातल्या संस्थांसाठी माहिती

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी. कुठल्याही गावातल्या मोहल्ल्यात गेलात तर एखादी तरी कमिटी, मदरसा, अंजुमन किंवा बैतुल माल चालवणारी संस्था दिसते. रमजान आला की रसीद बुकं छापली जातात, पोरं घरोघर फिरतात आणि ईदनंतर सगळा हिशेब खजिनदार साहेबांच्या वहीत किंवा त्यांच्या लॅपटॉपवरच्या टॅलीत जातो. माणूस ईमानदार असतो, त्याबद्दल शंका नाही. पण तो आजारी पडला, नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेला किंवा लॅपटॉपच बिघडला, तर? विधवा बहिणीचं महिन्याचं वजीफा कोणाला किती गेलं, हे सांगायला कोणी उरत नाही.

म्हणूनच आता बऱ्याच संस्था क्लाउड अकाउंटिंगचा विचार करतात. हे नेमकं काय आहे, त्यात काय सांभाळायचं आणि सुरुवात कशी करायची, त्याची ही माहिती.

क्लाउड अकाउंटिंग म्हणजे काय?

साध्या भाषेत, हिशेबाची वही तुमच्या कपाटात किंवा एका कॉम्प्युटरमध्ये न राहता कंपनीच्या सर्व्हरवर राहते. इंटरनेट आणि पासवर्ड असला की खजिनदार हिंगणघाटहून, सेक्रेटरी वर्ध्याहून आणि सीए नागपूरहून तीच वही उघडू शकतात. झोहो बुक्स मुळातच या पद्धतीचं आहे. टॅली प्राइम कॉम्प्युटरवर चालतं, पण तेही क्लाउडवर ठेवून वापरता येतं. कोणतं घ्यायचं हे तुमच्या सीएला विचारूनच ठरवा, कारण शेवटी ऑडिट त्यांना करायचं आहे.

सॉफ्टवेअर हिशेब नीट मांडतं. चुकीची नोंद मात्र ते बरोबर करत नाही. वहीत घोळ असेल तर तो घोळ फक्त क्लाउडवर जाईल.

वर्ध्यातच घडलेला धडा

चंद्याच्या पैशाचा हिशेब कसा ठेवावा, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. वर्ध्याच्या मगनवाडीत राहून काम केलेले जे. सी. कुमारप्पा लंडनला शिकलेले हिशेबतज्ज्ञ होते. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. राजेंद्र प्रसाद यांच्या पुढाकाराने मदत समिती उभी राहिली आणि तिच्या पैशाची जबाबदारी कुमारप्पांकडे आली. गांधीजी तिथे दौऱ्यावर आले तेव्हा त्यांच्यासोबतच्या मंडळींचा खर्च मदत निधीवर टाकायला कुमारप्पांनी नकार दिला. पैसा भूकंपग्रस्तांचा आहे, तो त्यांच्यावरच खर्च होईल, एवढाच नियम. त्याच वर्षी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि कुमारप्पा त्याचे सेक्रेटरी झाले.

ज्या कामासाठी पैसा दिला, त्याच कामावर तो गेला पाहिजे. जकातीच्या बाबतीत आपला दीनही हेच सांगतो. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे ८ हकदार ठरवून दिले आहेत. आणि लेन-देन लिहून ठेवण्याचा हुकूम देणारी सूरह बकराची २८२ वी आयत तर कुरआनातली सगळ्यात मोठी आयत आहे.

निधी वेगळे नसतील तर काय होतं?

एक हिशेब करून बघू. समजा एका संस्थेकडे वर्षभरात असे पैसे आले:

- जकात: ३,२०,००० रुपये
- लिल्लाह: ९०,००० रुपये
- फित्रा: ४०,००० रुपये
- बँकेचं व्याज: ६,५०० रुपये

एकूण ४,५६,५०० रुपये. खर्च असा झाला: गरिबांना वजीफा आणि दवा-पाणी २,८०,०००, शिक्षकांचा पगार आणि लाइट बिल १,१०,०००, फित्रा वाटप ४०,०००. एकूण ४,३०,००० रुपये. शिल्लक २६,५००. वही बरोबर, बँक बरोबर, सगळे खुश.

आता निधी वेगळे करून बघा. जकातीतून २,८०,००० गेले, म्हणजे जकातीचे ४०,००० उरायला हवेत. व्याजाचे ६,५०० तसेच बाजूला हवेत. पण बँकेत आहेत फक्त २६,५००. लिल्लाह ९०,००० होतं आणि पगार-बिलावर १,१०,००० गेले. म्हणजे जकातीचे २०,००० रुपये नकळत पगारात आणि लाइट बिलात गेले. हनफी उलेमांच्या मते जकात गरजूच्या मालकीत द्यावी लागते, ती सरळ पगारावर किंवा बिलावर खर्च करता येत नाही. कोणी चोरी केली नाही, तरी देणाऱ्याची अमानत चुकीच्या जागी गेली.

क्लाउड सॉफ्टवेअरचा खरा फायदा इथे आहे. प्रत्येक पावती आणि प्रत्येक खर्चाला ‘जकात’, ‘फित्रा’, ‘लिल्लाह’, ‘व्याज’ असा निधी जोडता येतो. टॅलीत याला कॉस्ट सेंटर म्हणतात, इतर ठिकाणी टॅग किंवा प्रोजेक्ट. मग कोणत्याही दिवशी कोणत्या निधीत किती उरलं ते समोर दिसतं. शक्य असेल तर जकातीचं बँक खातंही वेगळंच ठेवा.

रमजान आणि ३१ मार्च

आपला चंदा चांदच्या हिशेबाने येतो, सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं. २०२४ मध्ये रमजान १२ मार्चला सुरू झाला आणि ईद ११ एप्रिलला झाली, म्हणजे एकच रमजान दोन आर्थिक वर्षांत वाटला गेला. २०२५ ला तर ईद नेमकी ३१ मार्चलाच आली. अशा वेळी पावतीवरची तारीख फार महत्त्वाची. रसीद बुकं ईदनंतर एकदम नोंदवायची सवय असेल तर मार्चचा पैसा एप्रिलमध्ये दिसतो आणि ऑडिटमध्ये प्रश्न येतात. मोबाइलवरून त्याच दिवशी पावती बनवली तर हा घोळ होत नाही.

कायदा काय मागतो?

- धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या ट्रस्टला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० प्रमाणे नियमित हिशेब आणि दर वर्षी ऑडिट लागतं. ताळेबंद परिशिष्ट ८ आणि उत्पन्न-खर्च पत्रक परिशिष्ट ९ च्या नमुन्यात द्यावं लागतं. म्हणून सॉफ्टवेअरमधली खाती सुरुवातीपासून याच नमुन्याप्रमाणे पाडा.
- मस्जिद, दर्गाह, कब्रस्तान वक्फ म्हणून नोंदलेलं असेल तर मुतवल्लीला वर्षाचा हिशेब महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाला द्यावा लागतो.
- ८०जी असलेल्या संस्थेला देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडी मध्ये ३१ मेपर्यंत भरावी लागते आणि देणगीदाराला १०बीई सर्टिफिकेट द्यावं लागतं. उशीर झाला तर रोज २०० रुपये फी. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सूट मिळत नाही.
- आयकर नियमांप्रमाणे हिशेबाची पुस्तकं संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून १० वर्षं सांभाळावी लागतात. ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालतात.
- भारतीय पासपोर्ट असलेल्या, आखातात कमावणाऱ्या भावाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगी धरला जात नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे, त्याचा पैसा एफसीआरए नोंदणीशिवाय घेता येत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू होत असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलतात. सीएला विचारूनच पुढे जा.

बदल कसा करायचा?

१. कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव पास करा आणि प्रोसिडिंग बुकात लिहा.

२. सुरुवात १ एप्रिलपासून करा. ऑडिट झालेल्या ताळेबंदातल्या शिल्लक रकमाच ओपनिंग बॅलन्स म्हणून भरा.

३. जुन्या सगळ्या वर्षांच्या नोंदी चढवत बसू नका. जुनी वही आणि टॅलीचा डेटा तसाच जपून ठेवा.

४. पहिले ३ महिने जुनी पद्धत आणि नवी पद्धत सोबत चालवा. दर महिन्याला दोन्हीची शिल्लक आणि बँक स्टेटमेंट जुळवा.

५. जुळलं तरच जुनी पद्धत बंद करा.

चावी कोणाकडे?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. खातं खजिनदाराच्या स्वतःच्या ई-मेलवर आणि नंबरवर उघडलं की तो गेला की संस्था बाहेर. ई-मेल संस्थेच्या नावाचा असावा, सिम संस्थेचं असावं. नोंद करणारा एक, मंजुरी देणारा दुसरा. सीएला फक्त बघण्याचा अधिकार द्या. पासवर्ड कोणी कोणाला सांगायचा नाही, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, ओटीपी चालू. नोंद कोणी, केव्हा बदलली हे दाखवणारा एडिट लॉग बंद करू नका. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. ट्रस्टला तो नियम नसला तरी अमानतदाराने तो पाळावा.

दर महिन्याला पूर्ण डेटा एक्सेलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. उद्या फी भरायची राहिली किंवा कंपनी बदलायची झाली तरी हिशेब आपल्या हातात राहतो.

गरजूंची अब्रू

मदत घेणाऱ्यांची नावं, आधारची झेरॉक्स, आजाराचे कागद सगळ्या कमिटीला दिसायची गरज नाही. खर्चाच्या नोंदीत नावाऐवजी नंबर टाका आणि नावांची यादी वेगळी, दोन जणांकडेच ठेवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशी यादी कधीच टाकू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ आहेच, पण त्याआधी आपला दीन गरिबाची अब्रू झाकायला सांगतो.

फी कुठून भरायची?

सॉफ्टवेअरची वार्षिक फी जकातीतून भरू नका. लिल्लाहमधून भरा, किंवा एखाद्या साहेबांनी त्यासाठीच वेगळी रक्कम द्यावी. शंका असेल तर मुफ्ती साहेबांना विचारा.

शेवटी एक काम देणाऱ्यांचंही. पुढच्या रमजानमध्ये पावती घेताना एवढंच विचारा: “ही रक्कम कोणत्या निधीत नोंदवली?” ज्या संस्थेचा खजिनदार लगेच उत्तर देईल, तिथे वही कागदाची असो की क्लाउडची, तुमची अमानत सुरक्षित आहे.