पुढची ओवी कोणाची?

एकनाथ महाराजांनी १५९९ साली पैठणला देह ठेवला, तेव्हा त्यांचं भावार्थ रामायण अपुरं होतं. युद्धकांडाचे ४४ अध्याय लिहून झाले होते आणि युद्ध अजून संपायचं होतं. पुढचं रामायण पूर्ण केलं ते त्यांच्या शिष्याने, गावबाने. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी येऊन राहिलेला, अभ्यासात फारसं डोकं न चालणारा मुलगा, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी मूळ गोष्ट उरतेच. मराठीतल्या एका थोर ग्रंथाचा पहिला भाग एकाने लिहिला आणि पुढचा दुसऱ्याने. परंपरेने हे कधी लपवलं नाही आणि कोणी नाक मुरडल्याचंही ऐकिवात नाही.

आता याच नाथांची दुसरी बाजू बघा. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. मूळ ग्रंथ १२९० चा. जवळजवळ तीनशे वर्षं लोक तो हाताने उतरवून घेत होते, आणि उतरवता उतरवता कोणी एखादा शब्द बदलला, कोणी आपल्या पदरची ओवी घुसडली. नाथांनी अनेक प्रती पडताळून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवलं, की यापुढे यात कोणी स्वतःची ओवी घालू नये. तसं करणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखं आहे.

म्हणजे एकाच माणसाने एका ग्रंथाला कुलूप लावलं आणि त्याचाच दुसरा ग्रंथ शिष्याने पुढे नेला. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर एक कोड 'रीड ओन्ली' आणि दुसरा 'ओपन सोर्स'. हा विरोधाभास आहे की यात काही शहाणपण आहे, हा या लेखाचा विषय. आणि तो दिवाळी अंकात का, तर आपल्या घरातली मुलं आज नेमकं हेच करतायत म्हणून.

झालं असं, की माझी आठ वर्षांची मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी गेले काही महिने हॅरी पॉटरच्या शाळेत एक नवीन विद्यार्थिनी आणून बसवतायत. एक जण सुरुवात करते, दुसरी "नाही, नाही, तेव्हा ती आजारी होती ना!" म्हणून अडवते, तिसरी त्यातून वाट काढते. पिकाडिली लाइनवर हाउन्सलो वेस्टपासून साउथ केन्सिंग्टनपर्यंत हे अखंड चालू. मोठ्या मुलांमध्ये यालाच 'फॅन फिक्शन' म्हणतात. आवडत्या पुस्तकातली किंवा मालिकेतली पात्रं घ्यायची, लेखकाने जिथे सोडलं तिथून किंवा जे सांगितलंच नाही तिथून गोष्ट पुढे न्यायची, आणि ती एकमेकांना वाचायला द्यायची. आजी-आजोबांना हा प्रकार नवा वाटतो, आई-बाबांना वेळेचा अपव्यय. माझ्या मते दोन्ही समज इतिहासाला धरून नाहीत.

इंग्रजी जगातला इतिहास आधी थोडक्यात पाहू. डिसेंबर १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉयलने 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून दिलं. वाचक भयंकर संतापले. अखेर १९०३ साली डॉयलला त्याला परत आणावं लागलं. १९३४ मध्ये लंडनला आणि न्यूयॉर्कला होम्सभक्तांची मंडळं स्थापन झाली. होम्स ही खरी व्यक्ती होती असं गंभीर चेहऱ्याने धरून त्यावर निबंध वाचायचे, हा त्यांचा आवडता खेळ. १९६७ मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचं हौशी मासिक काढलं, त्यात मालिकेतल्या पात्रांवर चाहत्यांनी स्वतः लिहिलेलं साहित्य होतं. पुढे इंटरनेट आलं. २००९ मध्ये चाहत्यांनीच चालवलेलं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' सुरू झालं आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातलं मानाचं ह्यूगो पारितोषिक मिळालं. म्हणजे हौशी मंडळींच्या या उद्योगाला प्रतिष्ठा मिळायला शंभरेक वर्षं लागली.

आपल्याकडे मात्र हा प्रकार प्रतिष्ठितच होता, फक्त त्याला वेगळं नाव नव्हतं. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) १०८ रामायणं रचली असं सांगतात. एकशे आठ! गोष्ट तीच, पण दर वेळी नवीन अट. त्यांच्या निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून म्हणायची अक्षरंच नाहीत. आता राम या नावातच 'म' येतो, तेव्हा पंतांनी स्वतःला केवढ्या अडचणीत घातलं असेल याची कल्पना करा. प्रोग्रामिंगच्या स्पर्धा खेळलेल्या कुणालाही ही खुमखुमी ओळखीची वाटेल.

शाहिरांचा कलगी-तुरा घ्या. तुरेवाले शिव श्रेष्ठ म्हणणारे, कलगीवाले शक्ती श्रेष्ठ म्हणणारे. दोन्ही फड समोरासमोर उभे राहून रात्रभर सवाल-जवाब करायचे. पुराणातला एखादा आडवळणाचा प्रसंग काढून कूट घालायचं आणि समोरच्याने तिथल्या तिथे कवनात उत्तर द्यायचं. आज दोन पात्रांपैकी कोण भारी यावर रात्र रात्र भांडणाऱ्या चाहत्यांनी हे बघितलं असतं तर त्यांना अगदी घरी आल्यासारखं वाटलं असतं.

किंवा सिंधुदुर्ग आणि गोव्यातला दशावतार घ्या. देवळाच्या जत्रेत रात्री उशिरा खेळ उभा राहतो. हातात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं हे ठरतं, प्रसंगांचा क्रम सांगितला जातो, कोणी कुठली भूमिका करायची ते वाटून घेतलं जातं, आणि संवाद ज्याचे त्याने रंगमंचावर उभं राहून रचायचे. समोरचा काय बोलेल ते आधी ठाऊक नसतं. प्रेक्षकांना गोष्ट पाठ असते, तरी ते पहाटेपर्यंत बसतात, कारण 'काय होणार' यापेक्षा 'आज हा कसं बोलणार' यात गंमत असते. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं आणि तिथून आधुनिक मराठी नाटकाचा इतिहास मोजतात. त्या नाटकांतही पदं लिहिलेली असत आणि ती सूत्रधार म्हणे. नटांचं बोलणं बरंचसं ऐनवेळी सुचेल तसं असे.

पण या सगळ्या पुरुषमंडळींच्या कितीतरी पुढे गेल्या त्या जात्यावर बसणाऱ्या बायका.

पहाटे उठून दोघी जणी जात्याच्या दोन बाजूंना बसत. खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलायची, आणि दळण सरेपर्यंत एकीतून दुसरी ओवी निघत जायची. ही ओवी कोणाची, असा प्रश्न कुणाला पडत नसे. आईकडून आलेली, सासरी जावेकडून शिकलेली, आज आत्ता सुचलेली, सगळ्या एकाच पिठात.

या ओव्यांमधली सीता बघण्यासारखी आहे. वाल्मीकींच्या उत्तरकांडात लक्ष्मण सीतेला गंगेपलीकडे सोडून येतो आणि थोड्याच वेळात ती वाल्मीकींच्या आश्रमात पोचते. ओवी गाणाऱ्या बायकांना हे एवढ्यावर संपवणं मान्य नव्हतं. त्यांनी तो वनवास लांबवला. तिचं एकटेपण, तिचं बाळंतपण, तिथे नसलेलं माहेर, सगळं त्यात भरलं. वनात रडणाऱ्या सीतेची समजूत काढायला तिथे बोरी-बाभळीच बायका होऊन येतात. आणि रामाला चार शब्द सुनवायलाही या बायका कचरत नाहीत. ज्या घरात सुनेला स्वतःच्या नवऱ्याविषयी, सासूविषयी तोंड उघडायची सोय नव्हती, तिथे ती सीतेच्या नावाने सगळं बोलून घेत होती. ऐकणाऱ्यांना वाटे, रामायण चाललंय. जात्यापलीकडे बसलेलीला मात्र सगळं कळत असे. दुसऱ्याच्या पात्राच्या आडून स्वतःचं सांगणं, हा आजच्या फॅन फिक्शनचाही गाभा आहे. आणि गोष्टींची यादी बंद नव्हती. विसाव्या शतकात दलित वस्त्यांमधल्या बायकांनी त्याच चालीवर बाबासाहेब आंबेडकरांच्या ओव्या रचल्या.

मग गावात पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जात्याबरोबर समोरासमोर बसणंही गेलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी हे वेळीच ओळखलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणकाचे जाणकार संगीत-अभ्यासक त्यांना येऊन मिळाले, डेटाबेस तयार झाला, १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून या ओव्या जगासमोर येत आहेत. हाउन्सलोत बसून कानाला हेडफोन लावून आज त्या ऐकता येतात. एक संगणक अभियंता म्हणून मला या कामाचा फार आदर वाटतो. पण ऐकताना एक गोष्ट खटकत राहते. लाख ओव्या जपल्या गेल्या, तरी लाखाच्या पुढची एक ओवी कोण रचणार?

आपण राहतो ते हाउन्सलोही याला अपवाद नाही बरं का. इथला हीथ म्हणजे एके काळी वाटमाऱ्यांचं कुप्रसिद्ध माळरान. क्लॉड ड्युव्हाल नावाच्या फ्रेंच वाटमाऱ्याला १६७० मध्ये टायबर्नला फाशी दिलं. त्याच वर्षी त्याच्यावर पुस्तिका निघाली आणि मग लोकांनी त्याला हातोहात नायक करून टाकलं. लुटायच्या गाडीतल्या बाईबरोबर तो माळावर नाचला आणि त्या बदल्यात निम्म्याहून जास्त पैसे सोडून दिले, ही गोष्ट इंग्रज अजून सांगतात. डिक टर्पिनचंही तसंच. त्याला १७३९ मध्ये यॉर्कला फाशी झाली. त्याची लंडन ते यॉर्क घोडदौड मात्र १८३४ च्या एन्सवर्थच्या कादंबरीने त्याच्या खात्यावर जमा केली. त्याआधी तशीच दौड नेव्हिसन नावाच्या दुसऱ्याच दरोडेखोराच्या नावावर सांगितली जायची. गोष्टी माणसं बदलतात, गावं बदलतात, आणि ज्या समाजाला त्या हव्या असतात तो त्यांना जिवंत ठेवतो.

आता नाथांकडे परत येऊ. मला वाटतं त्यांच्या दोन वागण्यांत विरोध नाहीच. ज्ञानेश्वरी हे एका कवीचं शब्दन् शब्द तोललेलं लेखन. त्यात आपली ओवी गुपचूप घालणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द कोंबणं. रामकथा ही सर्वांची. ती पुढे सांगायला कुणाचीही ना नव्हती, फक्त जे केलं ते उघड केलं. गंमत म्हणजे आजची फॅन फिक्शन लिहिणारी मुलंही साधारण हाच नियम पाळतात. मूळ पुस्तकाला हात लावत नाहीत, "ही पात्रं माझी नाहीत" असं वर लिहितात, आणि मग मनसोक्त खेळतात.

आपण परदेशातली मराठी मंडळी मात्र नाथांचं एकच काम करतोय, जतनाचं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, ठिकठिकाणी मराठी शाळा चालतात, गणपतीत मुलं नाटुकली करतात. त्यामागे केवढी मेहनत असते हे मी जवळून बघितलंय. पण नीट पाहिलं तर त्यात मुलांचं काम एवढंच असतं, की मोठ्यांनी लिहून दिलेली वाक्यं रोमन लिपीत उतरवून पाठ करायची. एखादं वाक्य विसरलं की मूल गोंधळून आईकडे बघतं. त्या जागी आपलं वाक्य घालायचं त्याला सुचतच नाही, कारण ते आपल्याला चालेल असं त्याला कधी वाटलेलंच नाही. कल्पनेचा खेळ खेळायचा तो इंग्रजीत आणि पाठांतर करायचं ते मराठीत, अशी वाटणी एकदा झाली की मराठी ही त्या मुलांच्या लेखी शुद्ध प्रत होते. तिला नमस्कार करायचा, तिच्यात आपलं काही घालायचं नाही.

जी भाषा फक्त जतन होते ती ध्वनिमुद्रणात टिकते. घरात टिकायची तर तिच्यात मुलांना थापा मारता आल्या पाहिजेत.

म्हणून यंदा दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे चार घरं जमणार आहेत, तेव्हा एक प्रयोग करायचं ठरवलंय. दशावतारासारखं आख्यान मोठ्यांनी ठरवायचं, संवाद मुलांचे. मराठी मोडकी चालेल, मधेच इंग्रजी शब्द आला तरी चालेल, पण दुरुस्ती करायला मधे बोलायचं नाही. मुलांनी आधीच एक अट घातलीय, की किल्ल्यावरच्या लढाईत हॉगवर्ट्सची ती नवी मुलगीही असणार. आजोबांना हे अजून सांगितलेलं नाही. तुमच्याकडे कोणी असं काही करून बघितलं तर पुढच्या अंकात जरूर लिहा. मूळ गोष्ट काय होती ते सांगू नका, मुलांनी तिचं काय केलं ते सांगा.