एमएच-३० ची कमांडर

रिसोडच्या माणसाकडे एमएच-३० नंबरची जुनी जीप असेल, तर ती बहुधा वाशीम जिल्हा होण्याआधीची. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम वेगळा निघाला आणि पुढे इथल्या गाड्यांना एमएच-३७ मिळू लागला. त्याआधी आमच्या गाड्यांवर अकोल्याचाच नंबर पडे. वडिलांनी १९९६ मध्ये घेतलेली महिंद्रा कमांडर त्यातलीच. यंदा मी ती विकली.

रिसोडला रेल्वे नाही. गाडी धरायची तर वाशीम गाठायचं, आणि तिथली अकोला-पूर्णा लाइनही २००८ पर्यंत मीटरगेजच होती. एसटी होती, पण एसटी डांबरी रस्त्याची. गोभणी, मोप, केनवडकडच्या मळ्यांतून माणूस, खताची पोती आणि बाळंतीण एकाच फेरीत आणायची तर जीपच लागायची. ही जीप मुळात युद्धाची. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धासाठी बनवलेली विलीज पुढे महिंद्राने मुंबईत माझगावला जोडायला घेतली. त्याच कुळातली कमांडर नव्वदच्या दशकात आली आणि गावोगाव काळी-पिवळी होऊन धावली. मागे समोरासमोर दोन बाकडी, वर ताडपत्रीचं हूड. लोणार, मालेगाव, मेहकर, सेनगाव या सगळ्या वाटांवर एक पिढी त्या बाकड्यांवर बसून शाळेत, बाजारात आणि दवाखान्यात गेली. रिसोडचा इतिहास लिहिणारे ऋषिवट या जुन्या नावापासून सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे, पण या बाकड्यांचंही एखादं पान त्यात असावं, असं मला मनापासून वाटतं.

अशी गाडी विकायची रीत ठरलेली. जाहिरात नाही, फलक नाही. मेकॅनिकच्या दुकानात एकदा बोलून ठेवलं की आठ दिवसांत माणूस येतो. "भाऊ, कमांडर द्यायची हाय म्हने?" आधी चहा, मग बॉनेट. मीटर कुणी बघत नाही, कारण या गाड्यांच्या मीटरची केबल बहुधा केव्हाच तुटलेली असते. इंजिन कितीदा बांधलं, हे विचारतात. आमच्या गाडीचं दोनदा बांधलं होतं. दुसऱ्या वेळी बोअर करून नवे रिंग-पिस्टन टाकले होते. मग घेणाऱ्याबरोबर आलेला मिस्त्री इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढतो आणि त्या भोकावर तळहात धरतो. आतून धुराचा भपकारा हाताला लागला की तो एवढंच म्हणतो, "बॅक कॉम्प्रेशन हाय." म्हणजे रिंग-पिस्टन झिजले. त्या तीन शब्दांनी भाव हजारोंनी उतरतो. आमच्या गाडीला त्याने बराच वेळ हात धरला, हात पुसला आणि काही बोलला नाही. त्या गप्प राहण्याचा मला फार अभिमान वाटला. तीस वर्षं ऑइल वेळेवर बदलणाऱ्या माझ्या वडिलांचा तो मान होता.

सौदा ठरला की इसार, आणि स्टॅम्पपेपरवर चार ओळी. इथवरची रीत चांगली आहे. पुढची वाईट आहे. "नाव नंतर करू" म्हणत गाडी निघून जाते. घेणारा ती तिसऱ्याला देतो, तिसरा चौथ्याला. कागदावर मालक मात्र पहिलाच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० याचसाठी आहेत. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, की गाडी कितीही हातांतून गेलेली असो, अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीवरचा मालकच जबाबदार. चार ओळींचा स्टॅम्पपेपर तिथे वाचवत नाही.

माझा घेणारा सेनगावचा. म्हणजे नंबर अकोल्याचा, मालक वाशीमचा आणि गाडी चालली हिंगोलीला, जो जिल्हा स्वतःच १९९९ मध्ये परभणीतून निघाला. ना हरकतीचा फॉर्म २८ लागला. चेसिस नंबरचा छाप घ्यायला मी स्वतः जीपपाशी वाकलो. गंजाचा पापुद्रा खरवडून पातळ कागद लावला आणि वरून पेन्सिल आडवी फिरवली. एकेक आकडा पांढरा उमटत गेला. एवढी वर्षं गाडी वापरली, पण तो नंबर त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला.

गाडी ठेवता आली असती का? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते, आणि कारसाठी त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. पैशापेक्षा अडचण वेगळी होती. वडील गेल्यावर ती अंगणातच उभी राहायची, आणि उभी राहिलेली डिझेल गाडी लवकर मरते. सेनगावचा माणूस तिच्यातून रोज दूध नेणार आहे.

जुनं आरसी बुक खरोखर पुस्तकासारखं होतं. मालक बदलला की नवं नाव आणि शिक्का त्यातच पडे. आता कार्डावर ताजा मालक आणि तो कितवा, एवढंच राहतं. ज्यांच्या घरी जुन्या जीपचं असं बुक असेल, त्यांनी गाडी देण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवावी. आणि घेणारा कितीही ओळखीचा असो, नाव बदलल्याशिवाय शेवटचा हप्ता घेऊ नये.