थ्रिफ्ट : मुळात भरभराट

अंधेरी किंवा मुलुंडच्या एखाद्या कारखान्यातील कामगारांच्या पतसंस्थेची इंग्रजी पाटी वाचली, तर पुष्कळदा ‘थ्रिफ्ट अँड क्रेडिट सोसायटी’ असे शब्द आढळतात. ‘क्रेडिट’साठी मराठीत ‘पत’ आली. ‘थ्रिफ्ट’ मात्र बहुधा इंग्रजी पाटीवरच राहिला.

थ्रिफ्ट म्हणजे काटकसर, हा आजचा रूढ अर्थ. मूळ अर्थ मात्र निराळा आहे. हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. त्या भाषेत ‘थ्रीफा’ म्हणजे पकडणे आणि त्यावरून झालेल्या ‘थ्रीफास्क’चा अर्थ भरभराटीस येणे. इंग्रजीतील ‘थ्राइव्ह’ हे क्रियापद याच कुळातले. म्हणूनच मध्ययुगीन इंग्रजीत थ्रिफ्ट म्हणजे भरभराट किंवा कमावलेली पुंजी. पुढे सोळाव्या शतकात, ज्या सवयीने पुंजी साठते त्या सवयीलाच हे नाव मिळाले. जुना अर्थ ‘स्पेंडथ्रिफ्ट’मध्ये शाबूत आहे : साठलेली पुंजी खर्चून टाकणारा, अर्थात उधळ्या. समुद्रकाठच्या खडकांवर फुलणाऱ्या एका गुलाबी फुलझाडालाही थ्रिफ्ट म्हणतात. ब्रिटनमध्ये १९३७ साली निघालेल्या बारा बाजूंच्या तीन पेनीच्या नाण्यावर त्याचेच चित्र होते.

आपल्या ‘काटकसरी’ची घडण याच्या उलट. ‘काट’ म्हणजे कापणे आणि अरबीतून आलेली ‘कसर’ म्हणजे तूट. दोन्ही पदे वजाबाकीची!

भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. शेतकरी, कारागीर आणि बेताच्या उत्पन्नाची माणसे यांच्यात थ्रिफ्ट, स्वावलंबन व सहकार वाढावा, हा त्याचा घोषित हेतू होता.

अमेरिकेत वापरलेल्या वस्तूंच्या दुकानाला ‘थ्रिफ्ट स्टोअर’ म्हणतात. जुने कपडे विकत घेण्याला आपली तरुण मंडळीही आता ‘थ्रिफ्टिंग’ म्हणू लागली आहेत. घाटकोपर-बोरिवलीच्या चाळींतून जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले घेताना बोहारणीशी तासभर घासाघीस करणाऱ्या आजीला मात्र हा शब्द ठाऊक नव्हता. व्यवहार तिला पक्का ठाऊक होता.

पतसंस्थेच्या सभासदाच्या पगारपत्रकावर दरमहा ‘कपात’ दिसते. तीच रक्कम संस्थेच्या वहीत ‘जमा’ होते. काटकसर आणि थ्रिफ्ट यांतील अंतर नेमके एवढेच आहे.