सिंटॅक्टिक फोम

खोल समुद्रात जाणाऱ्या यंत्रांना तरंगण्याचे बळ देणारा हलका, टणक संमिश्र पदार्थ. इपॉक्सी राळेत पिठासारख्या बारीक, सहसा काचेच्या पोकळ गोळ्या कालवून तो साच्यात ओततात. थर्मोकोलही हलका असतो, पण खोलवर त्याचे बुडबुडे चेपतात. समुद्रात दर 10 मीटरला सुमारे 1 वातावरण दाब वाढतो. 6,000 मीटरवर तो 600 वातावरणांच्या घरात जातो. सिंटॅक्टिक फोममधील प्रत्येक पोकळीला स्वतःचे कडक कवच असल्याने तो टिकाव धरतो.

0.55 घनतेचा 1 घनमीटर फोम समुद्राच्या पाण्यात सुमारे 480 किलो भार उचलून धरतो. अधिक खोलीसाठी कवच जाड करावे लागते आणि तेवढा फोम जड होतो. मिश्रण निर्वातात सावकाश ढवळतात, नाहीतर गोळ्या फुटतात किंवा हवा अडकते. राळ घट्ट होताना तापते. मोठा ठोकळा एकदम ओतला तर तडकतो. तयार तुकडा दाबपात्रात ठेवून आधी व नंतर वजन करतात. वाढलेले वजन म्हणजे आत मुरलेले पाणी.

1960 मध्ये ‘त्रिएस्त’ ही पाणबुडी मारियाना गर्तेत उतरली, ती पेट्रोलने भरलेल्या अवजड टाकीच्या आधारे. 2012 मध्ये जेम्स कॅमेरॉन तिथेच उतरले तेव्हा त्यांच्या यानाचा बहुतांश भाग सिंटॅक्टिक फोमचा होता. 1981 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून बहुधातू गोटे काढले; त्या तळापर्यंत माणूस नेण्यासाठी ‘मत्स्य 6000’ हे यान घडवले जात आहे. अशा यानांना हा फोम लागतोच.

त्याचा एक कच्चा माल खानदेशातही निपजतो. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात दगडी कोळशाची पूड जळताना राखेचे वितळलेले थेंब आतल्या वायूने फुगतात आणि थंड होऊन पोकळ गोळे बनतात. त्यांना सेनोस्फिअर म्हणतात. ही राख ग्लासभर पाण्यात ढवळली की बहुतेक तळाशी बसते, वर करडी-पांढरी साय राहते, ती हीच. राखेत तिचे प्रमाण जेमतेम एक-दोन टक्के असते. राख तलावांवरून ती गोळा करून वाळवतात, चाळतात.

सेनोस्फिअर काचेच्या गोळ्यांहून स्वस्त पडतात, पण कवचांची जाडी सारखी नसते, काहींना छिद्रे असतात. म्हणून उथळ पाण्यातील तरंगक आणि हलके भराव यांसाठी ते सरस. हजारो मीटर खोलीसाठी आज तरी कारखान्यात घडवलेली काचच वापरावी. तरी राखेकडे निव्वळ कचरा म्हणून पाहणे चूक आहे. प्रतवारी नीट झाली, सच्छिद्र गोळे वेगळे काढले, तर खोलीची ही मर्यादा वाढवता येईल.