जात्यावरच्या ओवीची चाल

जात्यावर बसले म्हणजे ओवी सुचते, ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्या ओवीची चाल किती जुनी, तिचा उगम कोठला, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

लिखित पुरावा मिळतो तो थेट बाराव्या शतकातला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओवी उखळापाशी नांदत होती. माउलींनी गीतार्थ सांगण्यासाठी जो छंद घेतला तो मुळात आयाबायांच्या कष्टातला, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे. जनाबाईंबरोबर पांडुरंग दळू लागला, ही कथा तर लहान मुलांनाही ठाऊक असते.

ग्रंथातली ओवी चार चरणांची, चौथा चरण आखूड. दळणाऱ्या बाईने मात्र अक्षरे कधी मोजली नाहीत. शब्द कमी पडला तेथे 'गं बाई' घालून, स्वर लांबवून तिने जात्याचा फेरा भरून काढला. समोरासमोर बसून दोघींनी एकच खुंटा धरायचा, एकीने मुठीने वैरण घालायची. एकीने ओवी धरली की दुसरीने उचलायची. त्यामुळे खोऱ्याखोऱ्यात, घरोघर चालीत फरक पडत गेला. मूळ चाल म्हणून एकच एक शोधू गेल्यास ती सापडणे नाही.

पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, बायांचे कष्ट वाचले. ते चांगलेच झाले. पहाटेच्या दळणाचे कौतुक दुरून करणे सोपे असते! पण दळणाबरोबर चालही मागे पडली. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि १९९० च्या दशकात त्यांपैकी कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या. शब्द कागदावर उतरतात, चाल कानानेच घ्यावी लागते.

लग्नघरी हळदीच्या वेळी आजही जाते पूजतात. पहिली ओळ सर्वजणी म्हणतात, पुढे अडते. मग एखाद्या आजीने खुंटा हाती घेऊन दोन फेरे दिले की उरलेली चाल तिच्या गळ्यात आपोआप येते. ज्यांच्या घरी अशा आज्या आहेत त्यांनी येत्या लग्नसराईत सुनानातींना जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसवावे.