कुलूप, किल्ली आणि तबकडीची प्रत

आमच्या कपाटात शे-दीडशे डीव्हीडी आहेत. त्यांतील काही आता मध्येच अडखळतात. दोन-चार तर संगणकाला ओळखूही येत नाहीत. उरलेल्यांच्या प्रती वेळीच काढून ठेवाव्यात आणि त्यासाठी एखादे बरे सॉफ्टवेअर निवडावे, एवढाच आमचा हेतू होता. परंतु शोध घेताना ध्यानात आले की, ज्या प्रणालींमधून आम्ही निवड करणार होतो त्यांना आजचे रूप देण्यात अभियंत्यांइतकाच, किंबहुना अधिक, हात न्यायालयांचा आहे.

चित्रपटांच्या बहुतेक व्यावसायिक डीव्हीडींवर सीएसएस नावाचे कुलूप असते. त्याचा रोख प्रत काढण्यापेक्षा पाहण्यावर अधिक आहे. किल्ली केवळ परवानाधारक प्लेअरपाशी असते, आणि घरगुती कोऱ्या तबकडीवर किल्ल्या लिहिण्याची जागा आधीच निकामी करून ठेवलेली असते. त्यामुळे मजकूर जसाच्या तसा उतरवला तरी ती प्रत चालत नाही. कारखान्यात हजारो तबकड्या छापणाऱ्या चोराला ही अडचण येत नाही. येते ती घरी एक प्रत काढू पाहणाऱ्याला. ही गंमत आम्हांला फार उशिरा कळली.

कुलूप मात्र तकलादू होते. किल्ली अवघी ४० बिटांची. १९९९ मध्ये एका सॉफ्टवेअर प्लेअरमध्ये ती उघडीच राहिलेली सापडली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘डीसीएसएस’ ही छोटीशी आज्ञावली प्रसृत झाली. नॉर्वेचा योन लेक योहान्सेन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याचे साथीदार निनावीच राहिले. लिनक्सवर डीव्हीडी पाहण्याची अधिकृत सोय नाही, म्हणून हा खटाटोप, असे त्याच्या बाजूने सांगितले गेले. ओस्लोच्या न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये त्याला निर्दोष ठरवले आणि डिसेंबरात अपिलातही तोच निकाल कायम राहिला. स्वतः विकत घेतलेली तबकडी उघडणे हा गुन्हा नव्हे, हे त्यामागचे सूत्र.

अमेरिकेत वारे उलटे वाहत होते. तेथील १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडण्याचे साधन पुरवण्यालाच मनाई केली होती. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ‘२६००’ या नियतकालिकाला ती आज्ञावली प्रसिद्ध करण्यास, इतकेच नव्हे तर तिचा दुवा देण्यासही बंदी केली. त्यावर कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या डेव्हिड टूरेट्स्की यांनी तिच्या नाना रूपांचे एक दालनच उभारले. त्यात ती आज्ञावली सदऱ्यावर छापलेली होती आणि हायकूंच्या रूपातही होती. मजकूर आणि अवजार यांतली सीमारेषा कोठे आखायची, हा प्रश्न त्या दालनाइतका मिश्कीलपणे क्वचितच कोणी विचारला असेल.

‘३२१ स्टुडिओज’ची कथा अधिक बोधक आहे. या कंपनीचे ‘डीव्हीडी एक्स कॉपी’ उघडपणे दुकानांत विकले जाई. कंपनीने आपण होऊनच २००२ मध्ये न्यायालयाकडे आपल्या वैधतेचा निर्वाळा मागितला. फेब्रुवारी २००४ मध्ये निकाल विरुद्ध गेला: ग्राहकाने पुढे केलेला वापर वैध असला, तरी तो साधन विकणाऱ्याच्या बचावास येत नाही. कंपनीने मग कुलूप उघडणारा भाग काढून टाकून तेच सॉफ्टवेअर विकून पाहिले. पण ऑगस्टात तिला टाळे लागले.

फुकट साधनांची वाटचालही याच दिशेने झाली. ‘डीव्हीडी श्रिंक’ ८.५ जीबीची दुपदरी तबकडी ४.७ जीबीच्या कोऱ्या तबकडीत बसवून देई; त्या काळी घरोघरी तेच वापरले जाई. ‘डीव्हीडी डिक्रिप्टर’ २००५ मध्ये कायदेशीर दबावाखाली बंद पडले. त्याच्याच कर्त्याने पुढे ‘इमेजबर्न’ काढले, परंतु त्यात किल्ली नव्हती. २००३ मध्ये एरिक पेटी यांनी सुरू केलेले ‘हँडब्रेक’ आजही जिवंत आहे. तेही स्वतः कुलूप उघडत नाही. ते काम करणारी ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ फ्रान्समधील व्हिडिओलॅन प्रकल्पाकडून वेगळी आणावी लागते. नवख्या माणसाला ही जोडाजोड विचित्र वाटते. तिचे कारण तंत्रात शोधू जाणाऱ्याला ते सापडणार नाही.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५ अ हे कलम आले. त्यात हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे दंडनीय आहे. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या प्रयोजनासाठी मात्र सूट आहे. आमच्या समजुतीप्रमाणे ही भाषा अमेरिकेहून सौम्य आहे.

सरतेशेवटी आम्ही ‘मेकएमकेव्ही’ने मूळ चित्र पुन्हा न दाबता उतरवून घेतो, आणि फोनवर पाहायची लहान प्रत हवी असल्यास ती ‘हँडब्रेक’ने करतो. आजवर साठेक तबकड्या झाल्या. सात उतरल्याच नाहीत. त्यांतील पाच आम्ही स्वतः कोऱ्या तबकड्यांवर घरी लिहिलेल्या, घरगुती समारंभांच्या होत्या. त्यांवर कसलेच कुलूप नव्हते.