राजगडावरून दिसलेला उजेड

फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांच्या मावळ्यांनी कोंढाणा, म्हणजे आजचा सिंहगड, जिंकला. गडावरील पागेची घरे पेटवून इशारा दिला गेला आणि तो उजेड शिवाजी महाराजांनी राजगडावरून पाहिला, असे सभासद बखर सांगते. वेल्ह्याच्या मुलखातील राजगडापासून सिंहगड सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर आहे. उजेडाला एवढे अंतर कापायला सेकंदाचा साधारण वीसहजारावा भाग पुरतो. तोफेच्या आवाजाला मात्र पाऊण मिनिट लागले असते. वारा उलटा असता तर तो पोचलाही नसता.

पण अंधारातला एकच ठिपका किती दूर आहे, हे डोळा सांगू शकत नाही. दिवसा एकीमागे एक दडणाऱ्या डोंगररांगा, झाडांचे लहान दिसणे, दूरचा निळसर धूसरपणा यांवरून आपण अंतर ताडतो. पावसाने हवा स्वच्छ केली की राजगडावरून तोरणा जवळ आल्यासारखा वाटतो, तो यामुळेच. रात्री या खुणा नसतात. उजेड कोंढाण्याचाच, हे कळले ते दिशेच्या ओळखीमुळे.

ओळख नसेल तर उजेडाला आवाजाची जोड लागते. मद्रास वेधशाळेतील जॉन गोल्डिंगहॅम यांनी १८२० च्या सुमारास फोर्ट सेंट जॉर्ज आणि सेंट थॉमस माउंट येथील तोफांची चमक व आवाज यांमधला वेळ मोजला. अंतरे ठाऊक असल्याने त्यांना ध्वनीचा वेग काढता आला. वेग ठाऊक असेल, तर याच हिशेबाने उलट अंतर मिळते.

आज आभासी वास्तवाच्या चष्म्यात हाच प्रश्न पुन्हा समोर येतो. त्यातल्या दृश्यात माणसे अंतर बहुधा कमी धरतात, असे प्रयोगांत दिसले आहे. नुसत्या आवाजावरूनही दूरची वस्तू जवळची वाटते. तेव्हा समोरच्या गडावरची तोफ अशा चष्म्यातून मुलांना दाखवायची, तर आवाज बारीक करून भागत नाही. तो चमकेनंतर उशिरा यायला हवा, त्यातले उंच स्वर विरलेले हवेत आणि दरीतले पडसाद मिसळलेले हवेत. चमक आणि धडाका एकदम दाखवला, तर मुले इतिहासाबरोबर चुकीचे विज्ञानही शिकतील.

भोर-वेल्ह्याच्या शाळांना हे चष्म्याविनाही पडताळता येईल. मोकळ्या माळावर एकाने दर सेकंदाला थाळीवर एक टोला द्यावा. इतरांनी त्याच्याकडे पाहत मागे सरकावे. दोन टोल्यांच्या बरोबर मध्ये आवाज ऐकू येऊ लागला की थांबून अंतर मोजावे. ते १७० मीटरांच्या आसपास भरेल.